दोन तारा जेवणाच्या, दोन बोलण्याच्या

बाहेरून जोडायची हार्ड डिस्क एकदम बंद पडत नाही, ही तिची खोडी. पंखा बंद पडला की पडला, त्यात संदिग्धता नसते. हिचा मात्र दिवा लागतो, कानाशी धरली तर मिनिटाला 5400 फेरे घेणाऱ्या तबकडीची बारीक घरघर ऐकू येते, तळहाताला किंचित ऊबही लागते. आणि संगणक शेजारी कोणी आलेलंच नाही अशा थाटात समोर पाहत राहतो. आमच्या डिस्कनं ऐन गणपतीच्या तोंडावर हे मौन धरलं. सगळ्या जुन्या फोटोंचे स्कॅन तिच्यात, आणि बहिणीला ते त्याच आठवड्यात बघायचे होते.

डिस्क डिटेक्ट होत नाही म्हटलं की घरातल्या प्रत्येकाला एक औषध सुचतं. कुणी काढून पुन्हा लावायला सांगतं, कुणी संगणक बंद करून चालू करायला. भाच्यानं फोनवर वैद्यासारखी नाडी पाहिली. ‘मामा, टकटक असा आवाज येतोय का?’ येत नव्हता. आला असता तर आतलं वाचणारं डोकं अडखळतंय असं समजून डिस्क ताबडतोब काढायची असते. ‘मग पुढचं पोर्ट नको, मागचं निळं घ्या.’ त्यालाही कारण आहे. अडीच इंची डिस्कला स्वतःचा अडॅप्टर नसतो, ती पोर्टच्याच पाच व्होल्टवर जगते. जुनं पोर्ट नियमाप्रमाणे 500 मिलिअँपिअर देतं, निळं 900. आणि तबकडीला पहिली गती देताना डिस्कची भूक नेमकी वाढलेली असते. मागचं पोर्ट घेतलं. घरघर जरा तृप्त वाटली, बोलणं नाहीच. मग डिस्क मॅनेजमेंटच्या खिडकीत पाहिलं. कधी कधी डिस्क आलेली असते, फक्त तिला एखादं अक्षर मिळालेलं नसतं, म्हणून ती दाराबाहेर ताटकळते. आमची तिथंही नव्हती. एवढंच समाधान, की संगणकानं ‘फॉरमॅट करायची का?’ असं विचारलं नव्हतं. सगळं घर रिकामं करून देण्याची तयारी इतक्या नम्रपणे दुसरं कोणी दाखवत नाही.

‘केबल कुठली लावलीय?’ भाच्याचा पुढचा प्रश्न. मूळची रुंद केबल कुणाच्या तरी प्रवासात गेली होती, आणि डिस्कच्या खाचेच्या मोठ्या अर्ध्यात फोनच्या चार्जिंगची वायर अगदी ऐटीत बसत होती. तिथंच गोम होती. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा: दोन विजेच्या, दोन माहितीच्या. (रुंद केबलमध्ये आणखी पाच.) स्वस्त चार्जिंग वायरींत पुष्कळदा माहितीच्या दोन घातलेल्याच नसतात. म्हणजे आमची डिस्क पोटभर जेवत होती. बोलायला वाटच नव्हती.

हे ऐकलं आणि मला आमची बडोद्याची आत्या आठवली. यूएसबी 1996 साली आली आणि ती घडवणाऱ्यांतले अजय भट्ट बडोद्याच्याच सयाजीराव विद्यापीठात शिकलेले, हा योगायोग मला फार नंतर कळला. आत्याचा विषय वेगळा होता. वडील आणि काका विहिरीच्या खर्चावरून कधीतरी अबोल झाले होते. पंगत मात्र एकच. आजीचा तसा दंडकच होता. दोघे शेजारी बसत, एकाच भांड्यातलं वरण वाढून घेत, आणि आत्या माहेरी आली की दोघांमधल्या पाटावर बसे. ‘धाकट्याला विचार, पंप दुरुस्त झाला का?’ ती डावीकडे वळून विचारायची. ‘झाला म्हणावं.’ ती उजवीकडे वळून सांगायची. दोघांनाही पहिल्याच वेळी स्वच्छ ऐकू आलेलं असे. तरी निरोप आत्याकडूनच यावा लागे, आणि त्यातला तिखटपणा ती वाटेतच गाळून घेई. ती बडोद्याला परतली की जेवणं पूर्वीसारखीच वेळेवर होत. पंपाचं काय झालं ते मात्र दिवाळीपर्यंत कळत नसे.

दुकानात गेलो तर दुकानदारानं मान वर न करता विचारलं, ‘चार्जिंगची का डेटाची?’ एवढा मूलभूत प्रश्न मला बऱ्याच दिवसांत कुणी विचारला नव्हता. नवी केबल लावली आणि डिस्क काही झालंच नाही अशा सहजपणे उघडली. फोटोंआधी भेटलं एक ‘न्यू फोल्डर’, त्याच्या पोटात दुसरं, त्याच्या पोटात ‘फायनल’ नावाचं, आणि त्यात पंगतीचा तो फोटो: वडील, काका, मध्ये आत्या, काकांकडे वळलेली, बोलताबोलता तोंड उघडं राहिलेली. ती मठ्ठा हवा का विचारतेय, असं बहिणीचं म्हणणं. मला वडिलांचा चेहरा बघून वाटतं, विषय विहिरीचाच असावा. उत्तर काय येणार ते त्यांना ठाऊक होतं आणि तरी ते कान देऊन बसले होते. यावर आमची अर्धी दुपार गेली.

‘सगळं एकाच डिस्कवर ठेवू नका,’ भाच्यानं बजावलं. म्हणून दुसरी घेतली. दोघी आता कपाटात एकाच खणात शेजारी असतात. नवीची केबल जुनीला बसत नाही, जुनीची नवीला. एकीकडचं दुसरीकडे न्यायचं तर संगणकालाच मध्ये बसावं लागतं.