रावसाहेबांचा आकाश कुठला?

अहो वहिनी, कपडे नंतर वाळत घाला, आधी इकडं या. अशा इथं, जाळी वाकलीय तिथं. रावसाहेबांनी तुम्हाला तो टॅबलेट दाखवला का? अजून नाही? मग आज संध्याकाळी नक्की दाखवणार. मला काल गेटवर गाठलं. "ताई, बघा, भारतातला पहिला आकाश. सरकारी आहे. आता अँटिक झालाय, अँटिक!" जावई म्हणे तो ऑनलाइन विकायला टाकणार आहेत. दहा हजार सांगणार.

दहा हजार! सरकारनं स्वतः त्याचे मोजले होते सव्वादोन हजारांच्या आसपास.

मी काय बोलणार? टाकीच्या व्हॉल्व्हची चावी त्यांच्याकडे असते. बोलून वर पाणी कोण घालवून बसेल? "वा, छान जपलाय हं" म्हटलं आणि घरात आले. पण तुम्हाला सांगते, तो पहिला आकाश नाही. सरकारीसुद्धा नाही. मला पहिल्या दोन मिनिटांत कळलं.

आता तुम्ही म्हणाल, हिला काय एवढं कळतं. अहो, आमच्या कॉलेजात पवईच्या आयआयटीचं केंद्र होतं ना, तेव्हा लॅब माझ्याकडे होती. टॅबलेट द्यायचे, रजिस्टरवर सही घ्यायची, परत आला की पुढून-मागून बघून कपाटात ठेवायचा. नोकरी सुटली, सवय नाही सुटली.

घोळ कुठं झालाय सांगू? त्या काळात सात इंची, स्वस्त, काळा टॅबलेट दिसला की लोक त्याला सरसकट आकाश म्हणायचे. प्रत्यक्षात पहिला आकाश वेगळा, दुसरा वेगळा, आणि त्याच कंपनीनं बाजारात विकलेले यूबीस्लेट नावाचे ढीगभर वेगळे. कंपनी डेटाविंड. सुनीत आणि राजा तुली या भावांची, मूळ बस्तान कॅनडात आणि इंग्लंडात. विद्यार्थ्यांसाठी सरकारला द्यायचा तो आकाश, दुकानात विकायचा तो यूबीस्लेट. भावंडं एकाच घरची, म्हणून लोकांनी सगळ्यांना एकाच नावानं हाक मारली.

पहिला आला २०११ साली, ५ ऑक्टोबरला. कपिल सिब्बल तेव्हा शिक्षण खातं बघायचे, त्यांनी दिल्लीत त्याचं उद्घाटन केलं. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी एक नमुना दाखवला होता, पस्तीस डॉलरचा संगणक म्हणून, ते पेपरात खूप गाजलेलं. जगभरच्या वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं. मग हातात काय आलं? ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, अँड्रॉइड २.२. गूगलचा अ‍ॅपचा बाजारसुद्धा त्यात नव्हता, गेटजार म्हणून दुसरीकडून अ‍ॅप घ्यायची. बॅटरी २१०० एमएएच, म्हणजे सात इंचाच्या पडद्याला अगदीच तोळामासा. त्या काळीही परीक्षणं लिहिणाऱ्यांनी सोडलं नाही त्याला. पण मला विचाराल तर त्या पैशात अजून काय येणार होतं? मुलांच्या हातात पहिल्यांदा काहीतरी पडत होतं, ही गोष्ट माझ्या लेखी मोठी होती. आमचे काही प्राध्यापक नाक मुरडायचे, ते स्वतः चाळीस हजारांचा लॅपटॉप घेऊन फक्त पत्ते खेळायचे. जाऊ दे, तो विषय वेगळा.

तर ओळखायचं कसं? पहिल्याला कॅमेरा नाही. पुढं नाही, मागं नाही, कुठंच नाही. आणि रावसाहेब काल काय करत होते? टॅबलेट समोर धरून स्वतःच्या मिशा बघत होते! म्हणे, "कॅमेरा अजून सुरू आहे, क्लॅरिटी बघा." मी मनात म्हटलं, रावसाहेब, तुमच्या क्लॅरिटीनंच तुमचा घात केला.

तरी मी घाई केली नाही. कॅमेऱ्यावरून पहिला बाद झाला, एवढंच. म्हटलं, काचेला हात लावून बघू. त्यांनी मोठ्या मनानं दिला हातात. मी आधी नखानं टोचून बघितलं. ढिम्म. मग बोटाचं पेर हलकेच टेकवून सरकवलं, तर पान सुर्रकन गेलं. झालं! तिथंच माझी खात्री पटली.

कारण सांगते, ऐका. पहिल्या आकाशचा पडदा रेझिस्टिव्ह होता. त्याच्यावरचा थर थोडा लवचिक असतो, खाली दुसरा थर, मध्ये बारीकशी फट. दाबलं की दोन्ही थर एकमेकांना टेकतात आणि कुठं दाबलं ते यंत्राला कळतं. जुन्या डोअरबेलसारखं, नुसतं बोट ठेवून चालत नाही, दाबावं लागतं. म्हणून त्याच्यावर नख चालतं, पेन्सिलीचा मागचा भाग चालतो, हातमोजे घातलेलं बोटही चालतं. पण दोन बोटांनी फोटो मोठा करायला गेलात तर तो तुमच्याकडे बघत बसणार. दुसऱ्या आकाशचा पडदा कपॅसिटिव्ह, आताच्या फोनसारखा. त्याला उघडं बोटच लागतं, कारण तो शरीरातल्या विजेच्या गुणावर चालतो. नखाला, पेन्सिलीला तो दाद देत नाही. लॅबमध्ये पोरं नवा टॅबलेट आला की आधी नखच मारायची. तेवढ्यात निकाल लागायचा.

हा दुसरा आकाश आला २०१२ साली, ११ नोव्हेंबरला. राष्ट्रीय शिक्षण दिन होता, प्रणव मुखर्जी राष्ट्रपती होते, त्यांच्या हस्ते. मध्ये काय काय झालं ते ऐकाल तर सोसायटीची सभा परवडली. आधी हे काम आयआयटी राजस्थानकडे, जोधपूरला. त्यांचं आणि कंपनीचं चाचण्यांवरून वाजलं. पावसात टिकला पाहिजे, असं टिकलं पाहिजे, तसं टिकलं पाहिजे. कंपनी म्हणाली, या तर लष्करी सामानाच्या चाचण्या झाल्या, एवढ्या पैशात कशा पास होणार? शेवटी काम पवईला आलं, दीपक फाटक सरांकडे. सरांनी ते मनावर घेतलं. प्रोसेसर एक गीगाहर्ट्झचा आला, रॅम ५१२ एमबी, जागा चार जीबी, अँड्रॉइड ४.०, बॅटरी ३००० एमएएच, आणि पुढच्या बाजूला एक छोटा कॅमेरा. विद्यार्थ्यांना तो अकराशे तीस रुपयांत द्यायचं ठरलं होतं, उरलेले पैसे सरकार घालणार.

आणि त्या पवईवाल्या पोरांनी काय करून ठेवलं होतं माहितेय? एक मेमरी कार्ड खोचलं आणि टॅबलेट सुरू केला की अँड्रॉइडऐवजी सरळ लिनक्स उघडायचं. कार्ड काढलं की पुन्हा अँड्रॉइड. त्याच्यावर पोरं पायथन लिहायची, सायलॅब चालवायची. सात इंचांच्या पडद्यावर डोळे फुटायची वेळ यायची, तो भाग निराळा. पण पहिल्यांदा ते काळं पान उघडलं आणि कोपऱ्यात पांढरं टिंब लुकलुकायला लागलं, तेव्हा आमच्या लॅबमध्ये टाळ्या पडल्या होत्या. शिपाईसुद्धा येऊन बघून गेले.

त्याच नोव्हेंबरच्या शेवटी दुसरा आकाश न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत दाखवला गेला, बान की-मून यांच्या समोर. आणि त्याच सुमारास पेपरात बोंब, की हा तर चीनहून येतोय! तुलींनी सांगितलं, पहिल्या दहा हजारांचे बोर्ड आणि सुटे भाग घाईपोटी चीनमध्ये केले, शेवटची जुळणी आणि प्रोग्रॅमिंग भारतात. म्हणून सांगते, मागं कुठला देश छापलाय ते बघून काही ठरवायला जाऊ नका.

हो हो, येते रावसाहेबांवर. तर नख चाललं नाही, कॅमेरा आहे, म्हणजे निदान दुसरा आकाश तरी असेल, असं वाटेल ना तुम्हाला? मलाही क्षणभर वाटलं. तेवढ्यात ते काय म्हणाले, "ताई, यात सिमसुद्धा बसतं. मी यावरून बहिणीला फोन करायचो."

संपलं की हो! सरकारच्या दुसऱ्या आकाशला सिम नव्हतं. नुसतं वायफाय. सिम होतं ते बाजारात विकलेल्या भावंडाला, यूबीस्लेट ७ सी प्लसला. त्यांच्या नावांची एक गंमत आहे, एकदा लक्षात आली की डोळे मिटून सांगता येतं. नावात सी असेल तर पडदा कपॅसिटिव्ह, आर असेल तर रेझिस्टिव्ह. शेवटी प्लस असेल तर सिम घालून फोन करता येतो, आय असेल तर फोन नाही, फक्त वायफाय. म्हणजे ७ सी आय हा दुसऱ्या आकाशचा सख्खा जुळा भाऊ, फक्त दुकानातला. ७ सी प्लस त्याच घरचा, पण फोनवाला. आणि ७ आर प्लस म्हणजे फोन आहे, पण पडदा जुन्या पद्धतीचा, दाबायचा. नखाची परीक्षा आणि सिमची खाच, दोन गोष्टी बघितल्या की झालं. सेटिंगमध्ये "टॅबलेटविषयी" असं असतं, तिथं मॉडेल लिहिलेलं सापडतं. पण कुणी मध्ये सॉफ्टवेअर पुन्हा भरलेलं असेल तर तिथलं नाव खात्रीचं नाही. मी तरी आधी काचेवर विश्वास ठेवते.

तर रावसाहेबांनी तो सरळ दुकानातून, पूर्ण पैसे मोजून घेतलेला आहे. सरकारी कसला! आता इतक्या वर्षांत तेही विसरले असतील, किंवा जावयांसमोर विसरले असतील. मुद्दाम खोटं बोलत असतील असं मी म्हणणार नाही. माणूस चांगला आहे, फक्त प्रत्येक गोष्ट त्यांच्याकडे पहिली असावी लागते. मिक्सर पहिला, सोलर पहिला, आणि आता आकाश पहिला.

जावयांना मात्र कुणीतरी सांगायला हवं. असल्या जुन्या वस्तू गोळा करणारे लोक वेडे नसतात. ते पहिल्यांदा पुढून फोटो मागणार, त्यात कॅमेरा दिसणार, आणि पुढं बोलणंच खुंटणार. त्यापेक्षा सरळ "यूबीस्लेट ७ सी प्लस, चालू स्थितीत" असं लिहावं आणि येईल ते घ्यावं. आणि चार्जिंगला लावून रात्रभर झोपू नये म्हणावं. एवढी जुनी बॅटरी आहे, पाठ जराशी जरी फुगलेली वाटली तरी हात लावू नये, कुठल्याही कंपनीची असो.

सरकारनं एकूण किती घेतले? एक लाख. माहितीच्या अधिकारात कुणीतरी विचारलं होतं, तेव्हा उत्तर आलं की ३१ मार्च २०१५ ला प्रकल्प बंद झाला, ठरवलेलं सगळं साध्य झालं. साध्य काय झालं ते ज्याचं त्यानं ठरवावं. आमच्या कपाटातले टॅबलेट नंतर कुठं गेले ते मला कुणी सांगितलं नाही, आणि रजिस्टर तर मी सही करून दिलं होतं.

काय म्हणालात? तुमच्याकडे पण आहे? कधीपासून?

भावोजींनी दिल्लीहून आणलेला? २०११च्या डिसेंबरात? अहो, त्याच डिसेंबरात पहिल्या आकाशची ऑनलाइन विक्री सुरू झाली होती, अडीच हजारांना! आणि तुम्ही त्याचं काय केलंत? पापडाच्या डब्याखाली ठेवलाय, डबा हलू नये म्हणून? वहिनी!

बरं, शांतपणे सांगा. कॅमेरा आहे? नाही. नक्की नाही? पेन ड्राइव्ह थेट खोचायचा की मध्ये बारीक वायर लागायची? थेट. मोठ्या खाचा किती, दोन? अगं बाई. दुसऱ्या आकाशला बारीक खाच होती, पेन ड्राइव्हला मध्ये वायरचा तुकडा लागायचा. दोन मोठ्या यूएसबी म्हणजे पहिल्याचंच लक्षण.

थांबा, नाचू नका अजून. एक घोळ बाकी आहे. पहिल्याच्या पाठोपाठ यूबीस्लेट ७ प्लस म्हणून एक आला होता. त्यालाही कॅमेरा नाही, पडदाही दाबायचाच. पण आत ७०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, अँड्रॉइड २.३, आणि सिमची सोय. तेव्हा कडेला सिमची खाच आहे का ते बघायला हवं. खाच असेल तर प्लस. नसेल आणि चालू झाल्यावर २.२ दाखवला, तर मग वहिनी, कॉलनीतला पहिला आकाश तुमच्या पापडांखाली आहे.

नको, इथून जाळीवरून देऊ नका, पडेल. मी गेटनं येते. तुम्ही डबा उतरवा तोवर, आणि एक पेन्सिल काढून ठेवा, टोक नसलेली चालेल. आणि हळू बोला हो, रावसाहेब गच्चीत झाडांना पाणी घालतायत.