नैऋत्येची टाकी

जळगावातल्या आमच्या पिंप्राळ्यात घराचं दार कुठल्या दिशेला असावं यावर दोन मतं होतील. पाण्याची टाकी मात्र नैऋत्येलाच. जड वस्तू नैऋत्येला ठेवावी, असं वास्तुशास्त्र सांगतं म्हणे. मागच्या गल्लीतल्या काकूंनी आग्नेयेची टाकी चांगला खर्च करून नैऋत्येला नेली आणि तेव्हापासून घरातली भांडणं थांबली, असं त्या सांगतात. (मग रात्री आमच्याकडे ऐकू येतात ती कुणाची, हे मी विचारलेलं नाही.)

तारीख 21 डिसेंबर 2020. त्या संध्याकाळी गुरू आणि शनी यांच्यात अंशाचा जेमतेम दहावा भाग अंतर उरणार होतं. इतके जवळ ते 1623 मध्ये आले होते, पण तेव्हा सूर्याच्या फार कडेला. नीट पाहता येईल अशी गाठ त्याआधी 1226 ची. आपल्या चाळीसगावजवळ पाटणादेवीला भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांचा मठ होता, आजोबांचे ग्रंथ शिकवायला. त्याचा 1207 चा शिलालेख आहे, ही गाठ त्यानंतर एकोणीस वर्षांनी. मठातला एखादा विद्यार्थी पहाटे कुडकुडत उठला असेलही. जळगाव जिल्ह्याची पाळी आठशे वर्षांनी पुन्हा आली होती, आणि युती होती नैऋत्येला.

माझी दुर्बीण लॉकडाऊनमधली खरेदी. साडेचार इंची आरसा, छत्तीसपट मोठं दिसतं, आणि जे दिसतं ते उलटं. खोक्यावर रंगीबेरंगी तेजोमेघ छापलेला आहे. तो मला खोक्याबाहेर अजून दिसलेला नाही. मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाशेजारी मी ती उभी केली. एक पाय डुगडुगत होता, म्हणून आषाढीच्या रथाच्या चाकाला मोगरी लावावी तसा विटेचा तुकडा त्याखाली सारला. वरच्या छोट्या शोधक दुर्बिणीत मोबाइल टॉवरचा लाल दिवा बरोबर मधोमध आणला. पलीकडे आईनं भरिताची वांगी भाजायला काड्या पेटवल्या. धुरामुळे टॉवरही ताऱ्यासारखा लुकलुकू लागला.

साडेसहाला गुरू-शनी नुसत्या डोळ्यांना दिसले आणि वीस मिनिटांत काकूंच्या टाकीमागे गेले. काळी, हजार लिटरची, वर निळं झाकण.

सगळी गल्ली जमली होती. दुसऱ्या रात्रीपासून संचारबंदी लागणार असल्याचं त्याच दिवशी जाहीर झालं होतं, त्यामुळे लोकांना घराबाहेर पडायला कारण हवंच होतं. मी त्यांना अर्धा चंद्र दाखवला. खड्डे पाहून एकजण म्हणाला, "हा तर आपला रस्ता आहे भो." पुढच्या पाचही जणांनी तोच विनोद केला.

मग माझ्या लक्षात आलं की टाकी लोखंडी स्टँडवर आहे. टाकीचं बूड आणि गच्चीचा कठडा यांच्यात हातभर फट होती. सातच्या सुमारास दोघं त्या फटीत उतरले. एकाच वर्तुळात दोघं! गुरू आणि त्याचे चार चंद्र एका ओळीत, आणि जरा बाजूला शनी, ज्वारीच्या दाण्याला दोन्हीकडून कान फुटावेत तसा. गॅलिलिओलाही 1610 मध्ये कड्यांच्या जागी असंच काहीसं दिसलं होतं, म्हणून मला माझ्या दुर्बिणीची लाज वाटली नाही.

तेवढ्यात टाकी भरून वाहू लागली. मोटार चालू राहिली होती. फटीसमोर पाण्याची झालर, आणि झालरीआड गुरू-शनी फुटून नाचताहेत. भास्कराचार्यांच्या लेकीची, लीलावतीची गोष्ट आठवली: घटिकापात्राच्या भोकात मोती अडकला, पाणी शिरलंच नाही आणि मुहूर्त टळला. तिथं पाणी कमी पडलं, इथं जास्त झालं; मुहूर्ताचं आणि पाण्याचं आमच्या जिल्ह्यात पहिल्यापासून बरं नाही.

मी ओरडलो तेव्हा काकूंनी मोटार बंद केली आणि मास्क लावून खाली आल्या.

"काय पाहून राह्यला रे तू माझ्या टाकीत?"

"शनी, काकू. या, पाहा."

त्यांची मकर रास. साडेसाती चालू, आणि शनी त्यांच्याच राशीत. शनीच्या नजरेला नजर देऊ नये म्हणून त्यांनी हात जोडले, डोळे घट्ट मिटले आणि भिंगाला कपाळ टेकवलं. दुर्बीण हलली. विटेचा तुकडा निसटला.

"काकू, शेजारी गुरू आहे. त्याच्यासमोर तो काही करणार नाही."

हे पटलं. मी तुकडा सारून पुन्हा नेम धरला. त्यांनी एक डोळा उघडला.

"तिथं तर धुकं आहे."

मास्कमधून वर आलेल्या श्वासानं भिंग धुरकटलं होतं. शर्टाच्या टोकानं ते पुसेपर्यंत दोघं कठड्याखाली गेले.

"आता पुन्हा कधी असे दिसतील?" काकूंनी विचारलं.

"2080 मध्ये."

काकूंनी वर पाहिलं. टाकी अजून ठिबकत होती.

"तोवर टाकी बदलावीच लागंल," त्या म्हणाल्या, आणि भरिताकडे वळल्या.