परसबाग : मालक सोडून सर्वांसाठी

कोकणात घरामागे 4 गुंठे मोकळे असले की माणसाला परसबागेची उबळ येतेच. ती दाबता येत नाही; निदान शास्त्रशुद्ध यावी, एवढ्यासाठी हे मार्गदर्शन.

सुरुवात हापूसपासून करावी. मे महिन्यात मीटरभर लांब, रुंद आणि तितकाच खोल खड्डा खणावा. हातभर खाली जांभा लागेल, तेव्हा पहार आणावी आणि पहार चालवणारा गडी शोधावा. गडी मिळाला तर पुढचं वाचावं. तळाशी पालापाचोळा, वर शेणखत आणि माती भरून पाऊस स्थिरावला की कलम लावावं. दोन कलमांत 10 मीटर अंतर ठेवायचं असतं, म्हणजे 4 गुंठ्यांत जेमतेम चारच बसतात. हे आजवर कोणी मानलेलं नाही. आपणही बारा लावावीत. कलमाच्या जोडाखाली जे धुमारे जोमाने फुटतात, ते कौतुक न करता खुडावेत. कौतुक करत बसलं तर वरचा हापूस मरतो आणि खालचा रायवळ घराचा मालक होतो.

पहिली चार-पाच वर्षं मोहोर खुडून टाकायचा असतो. ते काम घरातल्या सर्वांत निर्दय माणसाकडे द्यावं. पुढेही हापूस एक वर्ष धरतो, एक वर्ष रुसतो. रुसवा नको असेल तर वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 1981 साली दिलेला ‘रत्ना’ लावावा. तो दरवर्षी धरतो. फक्त ‘हापूस नाही लावलात?’ या प्रश्नाला जन्मभर उत्तर देण्याची तयारी हवी.

पपई नर की मादी, हे फुलं आल्याशिवाय कळत नाही. म्हणून एका जागी तीन रोपं लावून नर नंतर काढतात. शेजारच्या काकूंना मात्र रोपाच्या पानावरूनच कळतं. त्यांच्या सल्ल्याने ठेवलेलं एकुलतं एक झाड नर निघतं आणि वर्षभर फुलांचे तुरे लोंबवत ऐटीत उभं राहतं.

लिंबाच्या पानावर पक्ष्याची विष्ठा दिसली तर नीट बघावं. ती हळूच पान कुरतडत असेल. ती अळी आहे. बोट लावल्यास डोक्यामागून दोन लालसर शिंगं काढते आणि उग्र वास सोडते. झाडाचा खराटा होईपर्यंत तिला मारू नये, कारण तोवर घरातल्या मुलांनी तिचं नाव ठेवलेलं असतं.

पडवळ सरळ वाढावं म्हणून शेंड्याला दोरीने खडा बांधावा. खडा मांडवाखालून जाणाऱ्याच्या बरोब्बर कपाळाच्या उंचीवर येतो. त्याला उपाय नाही.

माकडांसाठी बुजगावणं करतात. त्याला मालकाचा जुना सदरा घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. माकडांना मालकाची भीती नसते. सदरा बायकोने झाडू घेऊन हाकलताना नेसलेल्या साडीशी मिळताजुळता असल्यास दोन दिवस गुण येतो. माकड आंबा खात नाही, चावून टाकतं आणि पुढचा तोडतं. त्यामुळे काढणीसाठी वेगळी घळ विकत घेण्याचा खर्च वाचतो.

मे महिन्यात आंब्याची पेटी बाजारातून आणावी. शक्यतो अंधार पडल्यावर. माळ्यावर पेंढ्यात अढी घालावी आणि पाहुण्यांना ‘घरचे’ म्हणून वाढावेत. पेटीवरचं बागायतदाराचं नाव आधी खरवडून काढावं, आणि फळ कापताना काकूंना स्वयंपाकघरात येऊ देऊ नये. पानावरून पपई ओळखणाऱ्या बाईला सालीवरून काय कळेल, सांगता येत नाही.