इथे, इथे आणि इथे

चाकणच्या तळेगाव चौकापासून म्हाळुंग्यापर्यंत ठेकेदाराच्या कुठल्याही गाळ्यात डोकवा. लातूर, बीड, नांदेडहून रातराणीनं आलेली आयटीआयची पोरं लायनीत उभी आणि टेबलावर करारांची चवड. करार इंग्रजीत. त्या सगळ्या पानांत पोराला कळेल असा मजकूर एकच : सही कुठं करायची ते दाखवणारी पेन्सिलीची फुली.

या फुलीचं कौतुक करावं तेवढं थोडं. कामाचे तास, ओव्हरटाइमचा दर, पीएफ, कधीही काढून टाकण्याचं कलम, एवढं सगळं फुली मारणाऱ्यानं दोन रेघांत बसवलेलं असतं. वर ‘इथे, इथे आणि इथे’ असं निरूपणही तोच करतो. फुली नेमकी ‘वरील सर्व वाचले व समजले’ अशा अर्थाच्या ओळीखाली. वाचायला वेळ किती? मागचा पोरगा पेन मागेपर्यंत. एखादी फुली तारखेची जागा कोरी ठेवलेल्या राजीनाम्यावरही सापडते. रुजू होण्याआधीच राजीनामा देऊन मोकळी होणारी इतकी दूरदर्शी पिढी दुसऱ्या कुठल्या देशाला लाभली असेल? सह्या झाल्या की फुल्या खोडरबरानं पुसतात. पुरावा राहू नये म्हणून नव्हे हो, कागद स्वच्छ दिसावा म्हणून!

आणि करिअर मार्गदर्शन शिबिरात याच पोरांना आपण सांगणार : घाई नको, माहिती घ्या, विचारपूर्वक निर्णय घ्या. हल्लीची पोरं वाचत नाहीत म्हणे. अहो, हाच पोरगा बारा हजारांचा मोबाइल घ्यायच्या आधी पंधरा दिवस बॅटरी, कॅमेरा, रॅम तोंडपाठ करतो. कारण विकणाऱ्यानं ते त्याला कळावं म्हणून लिहिलेलं असतं. वयाच्या १८व्या वर्षी त्यानं आमदार निवडावा. पण पगार हातात किती पडणार असं विचारलं, की ‘आधी जॉइन तर हो.’

१९४६च्या स्थायी आदेशांच्या कायद्यानं मोठ्या कारखान्यांना सांगितलं होतं, की नोकरीच्या अटी इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत, ते आत शिरतात त्या दारापाशी फलकावर लावा. म्हणजे गोऱ्या साहेबाच्या राज्यातसुद्धा हे सुचलं होतं. बरं, मराठी लिहिणारा मिळत नाही म्हणावं, तर गेटवर ‘हेल्मेटशिवाय प्रवेश नाही’, ‘मोबाइल आढळल्यास कारवाई’ हे मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही भाषांत, ऱ्हस्व-दीर्घासकट शुद्ध! दमदाटीला भाषांतरकार मिळतो, पगाराला मिळत नाही. डोकं फिरतं ते इथं.

पोराची माहिती मात्र साग्रसंगीत हवी. आधार, पॅन, पासबुक, दहावीची मार्कशीट, गावाकडच्या दोघांचे नंबर, सगळ्याच्या तीन-तीन प्रती. असाच एखादा भाबडा विचारतो, ‘सर, या कराराची एक झेरॉक्स मला?’

‘मशीन बंद आहे,’ सर सांगतात. सरांच्या पाठीमागं त्याच मशीनमधून पुढच्या पोराचं आधार कार्ड बाहेर येत असतं.