दोघांत तिसरी हवा

लीड्स किंवा लेस्टरमधलं साठीला टेकलेलं एखादं जोडपं राहतं घर विकून स्पेनच्या कोस्टा ब्लांका किनाऱ्यावर कायमचं बिऱ्हाड हलवायचं ठरवतं, तेव्हा मुलं, शेजारी आणि बँकेतला माणूस मिळून त्यांना तीन प्रश्न विचारतात. ऊन सोसेल का, भाषा जमेल का आणि पेन्शन पुरेल का. तिन्ही प्रश्न फिजूल आहेत. उन्हाला एसी आहे. भाषेचं म्हणाल तर बेनिडॉर्ममध्ये इंग्रजी न येणाऱ्याचीच जास्त पंचाईत होते. आणि ब्रिटिश सरकारी पेन्शन स्पेनमध्ये राहणाऱ्याला दरवर्षीच्या वाढीसकट मिळतं, जे सुख कॅनडा-ऑस्ट्रेलियात जाऊन राहिलेल्यांच्या नशिबी नाही. खरा प्रश्न चौथा आहे आणि तो विचारायचं धाडस कुणी करत नाही : लग्नाला पस्तीसेक वर्षं झालेली दोन माणसं सकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत एकमेकांशी बोलणार काय? माझं म्हणणं असं, की परदेशातल्या उबदार किनाऱ्यावर गेलेला संसार समुद्र तारत नाही, ऊन तारत नाही, स्वस्त वाइन तर नाहीच नाही. तो तारतं तिथलं सरकारी ऑफिस. ऐकायला तिरपागडं वाटेल, म्हणून जरा बैजवार मांडतो.

मराठी वाचकाला पहिली शंका येईल ती या मंडळींच्या उन्हाच्या आवडीबद्दल, आणि ती रास्त आहे. उबदार, समुद्राकाठची, घरापासून लांबची मुंबई यांच्या पूर्वजांना फुकटात मिळाली होती. वर राहण्याचा पगारही मिळत होता. तिथे त्यांनी काय केलं? पहिली संधी मिळताच डोंगर गाठला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वर वसवलं, १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट माथेरान चढून गेले, आणि पुढे मुंबई सरकारचा सगळा लवाजमा उन्हाळ्यात महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्याला हलू लागला. मुंबईत गोऱ्या माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं, अशी म्हणच त्यांच्यात पडली होती. त्याच कुळातली माणसं आज ‘वर्षाला तीनशेहून अधिक दिवस ऊन’ अशी जाहिरात वाचून घराचा बयाणा देतात. आपल्याकडे ही ओळ कुणी छापली, तर लोक ती टँकरवाल्याची जाहिरात समजतील. तेव्हा उन्हाची ओढ वगैरे फारशी खरी नसावी. ही माणसं ढगांना कंटाळून निघालेली असतात, आणि ढग सोडताना आपण नेमकं काय सोडतो आहोत याचा हिशेब मांडायचा राहून जातो.

कारण इंग्लंडात हवा हा प्रत्येक संसारातला तिसरा माणूस असतो. १८५४ पासून तिथे हवामानाचं सरकारी खातं आहे, आणि बीबीसीच्या रेडिओवर जहाजांसाठी येणारा समुद्री हवामानाचा अंदाज ज्यांनी जन्मात होडी वल्हवली नाही अशी माणसं अंथरुणात पडून भक्तिभावाने ऐकतात. नवरा पेपरातून डोकं वर काढून ‘आला परत’ म्हणतो, बायको ‘आणि मी आत्ताच कपडे वाळत घातले’ म्हणते, आणि एक अख्खी दुपार एकमताने पार पडते. त्यातच रेल्वे उशिरा येते, शेजाऱ्याचं कुंपण इकडे वाढतं, डॉक्टरची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळते. यातल्या प्रत्येक तक्रारीत दोघं एका बाजूला असतात आणि सगळं जग दुसऱ्या. किनाऱ्यावर राहायला गेलं की दोनेक महिन्यांत हा तिसरा माणूस घर सोडून जातो. सकाळी निळं आकाश, दुपारी निळं आकाश, उद्याही तेच. ‘आज काय छान आहे नाही’ हे रोज किती वेळा म्हणणार? मग शांतता पसरते आणि त्या शांततेत, चहा ढवळून झाल्यावर तो चमचा कपाच्या काठावर तीनदा आपटतो, हे तिला पस्तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकू येतं. पुढच्या चहाला ती तिसऱ्या टकटकीची वाट बघत बसते.

हे सगळं मनचं नाही, याला बीबीसीचाच पुरावा आहे. १९९२ च्या जुलैत बीबीसीने ‘एल्डोराडो’ नावाची मालिका सुरू केली. विषय हाच, कोस्टा डेल सोलवर राहायला गेलेली युरोपी आणि मुख्यतः ब्रिटिश मंडळी. स्पेनमध्ये कोईन गावाजवळ त्यासाठी एक अख्खी वसाहत बांधली. भरपूर ऊन, पोहण्याचे तलाव, वाइनचे पेले, आणि वर्षभरात, १९९३ च्या जुलैत, मालिका बंद. उलट पावसाळी वायव्य इंग्लंडमधल्या एका गल्लीवरची ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ १९६० पासून चालू आहे आणि पूर्व लंडनच्या करड्या आभाळाखाली रडणारी ‘ईस्टएंडर्स’ १९८५ पासून. समीक्षक सांगतात की ‘एल्डोराडो’ बुडाली ती घाईगर्दीमुळे, नवशिक्या नटांमुळे आणि घुमणाऱ्या आवाजामुळे. असेल. पण अभिनय कच्चा आहे म्हणून मालिका बंद पडते, हा सिद्धांत मराठी प्रेक्षकाच्या गळी उतरणं कठीण आहे. मला वाटतं, लोकांना दुसऱ्याचा संसार बघायलाही ढगाळ हवा लागते.

निसर्ग अगदीच निर्दयी नाही. जानेवारीत तो थोडी मदत करतो. भूमध्य समुद्राकाठची घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली असतात. खाली फरशी, भिंती पातळ, खिडक्यांना दोरपट्टीने वर-खाली करायच्या पट्ट्यापट्ट्यांच्या झडपा, आणि घर गरम करायची सोय बहुधा नाहीच. परिणामी बाहेर कोवळ्या उन्हात सतरा-अठरा अंश असताना आत हुडहुडी भरते. ज्यांनी आयुष्यभर यॉर्कशरची थंडी सोसली, ते स्पेनमध्ये येऊन कोट घालून जेवायला बसतात. मग दारात येतो साडेबारा किलोचा नारिंगी सिलिंडर, त्याला तिथे बोंबोना म्हणतात. तो चाकं लावलेल्या शेगडीच्या पोटात बसवायचा आणि दोघांनी एक पांघरूण घेऊन तिच्यापुढे बसायचं. गॅस नेमका रविवारी रात्री संपतो, हे सिलिंडरचं शास्त्र आपल्याला शिकवायला नको. रिकामा हलवून बघणं, भरलेला कुणी उचलायचा यावर वाद, मागच्या वेळी पाठ कुणाची धरली होती याची उजळणी. या दीड-दोन महिन्यांत जोडप्याची तब्येत सुधारते. मार्च उजाडला की पुन्हा निळं आकाश.

म्हणून ऑफिस. मुळात हा किनारा आजच्या रूपात जन्मला तोच एका अर्जातून. बेनिडॉर्म हे मासेमारीचं गाव. १९५० च्या दशकात तिथले महापौर पेद्रो सारागोसा यांनी किनाऱ्यावर बिकिनीला परवानगी दिली, धर्मगुरू खवळले, बहिष्काराच्या गोष्टी सुरू झाल्या, तेव्हा महापौर व्हेस्पा स्कूटरवर बसून थेट माद्रिदला फ्रँकोकडे दाद मागायला गेले, असं सांगतात. हुकूमशहाने मान डोलवली आणि गाव वसलं. त्या परंपरेला जागून आजही तिथे कागदावाचून पान हलत नाही. परदेशी माणसाचा ओळख क्रमांक वेगळा, ओळखपत्र वेगळं, नगरपालिकेच्या रहिवासी यादीतली नोंद वेगळी, आणि त्या नोंदीचा दाखला तीन महिन्यांहून जुना नको. प्रत्येक ठिकाणी आधी वेळ घ्यायची आणि वेळ घ्यायच्या साइटवर वेळ नाही. या सगळ्यातून वाट काढायला हेस्तोर नावाचा इसम असतो. आपल्या आरटीओबाहेरचा एजंटच तो, फक्त पाटी लावून, नोंदणी करून, टाय घालून बसलेला. ब्रिटन युरोपीय संघात होतं तोवर हे प्रकरण त्या मानाने सौम्य होतं. २०२० सरलं आणि ब्रिटिश जोडप्यांवर कृपाच झाली. आता नव्याने जाणाऱ्याला व्हिसा हवा, नाहीतर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांच्या वर राहता येत नाही. तिथे काम न करता राहण्याच्या, म्हणजे बिनकमाईच्या, व्हिसासाठी २०२४ च्या हिशेबाने अर्जदाराला महिना २,४०० युरोंचं उत्पन्न दाखवावं लागे आणि जोडीदारासाठी वर ६००. शिवाय पोलिसांचा दाखला, डॉक्टरचा दाखला, आणि लग्न झाल्याचा दाखला. तो बरेचदा नव्याने काढलेला, त्यावर अपोस्टिलचा शिक्का, आणि शपथेवर काम करणाऱ्या भाषांतरकाराने केलेलं त्याचं स्पॅनिश भाषांतर. पस्तीस वर्षांत जे एकमेकांना सांगायचं राहून गेलं होतं, ते ही दोन माणसं एका परक्या खिडकीपाशी शिक्क्यानिशी सिद्ध करतात : होय, आमचं लग्न झालेलं आहे आणि अजून आहे.

सर्वांत सज्जड पुरावा गाडीचा. स्पेनमध्ये स्थायिक झालेल्या ज्या ब्रिटिशांनी लायसन्स वेळेत बदलून घेतलं नव्हतं, त्यांचं लायसन्स १ मे २०२२ पासून चालेनासं झालं आणि दोन सरकारांचा करार थेट मार्च २०२३ मध्ये झाला. मधले दहा महिने डोंगरउतारावरच्या घरांत, जवळचं दुकान पाच-सहा किलोमीटरवर, गाडी दारात उभी, आणि घरात दोघंच. माझा सिद्धांत चुकीचा असता तर त्या काळात तिथल्या वकिलांची चांदी झाली असती. त्याऐवजी मंडळींनी गट काढले, पत्रं लिहिली, राजदूताला धारेवर धरलं. ज्या घरात चमच्याच्या टकटकीवरून अबोला होता, त्या घरात रात्री उशिरापर्यंत दोघं मिळून मंत्र्यांना शिव्या घालू लागले. संसाराला याहून पौष्टिक काही नाही.

आता आक्षेप. कुणी म्हणेल, रांगेत उभं राहून भांडणं वाढतातच, आणि दोघांपैकी २,४०० युरोंचा अर्जदार कोण नि ६०० चा जोडीदार कोण हे सरकारनेच लेखी विचारलं तर आगीत तेलच. खरं आहे, भांडण होतं. पण भांडणाची प्रत बघा. ‘झेरॉक्स तुझ्याकडे होती’ हे भांडण फाइल सापडली की मिटतं. ‘तू माझ्या आईशी कसं वागलास’ या भांडणाला फाइल नसते. दुसरा आक्षेप वजनदार आहे : त्या किनाऱ्यांवर हजारो जोडपी मजेत राहतात, स्पेनमध्ये अडीच लाखांहून जास्त ब्रिटिशांची रीतसर नोंद आहे, ती सगळी काय ऑफिसच्या भरवशावर? नाही. पण ती मजेत का आहेत ते जवळ जाऊन पाहावं. हिरवळीवर चेंडू घरंगळवण्याचे क्लब, ब्रिजचे अड्डे, निवृत्तांच्या विद्यापीठाच्या शाखा, इंग्रजी साप्ताहिकं, आणि या प्रत्येकाला कमिटी. कमिटी म्हणजे हिशेबाचा घोळ, खजिनदाराचा राजीनामा आणि घरी परतताना दोघांचं एकमत. स्थानिकांत न मिसळता हे लोक आपसातच घोटाळतात, अशी टीका त्यांच्यावर होते. दुबईपासून न्यू जर्सीपर्यंत गणपतीची वर्गणी, नाटकाची निवड आणि अध्यक्षपद यांवर मंडळं चालवणाऱ्या आपण ती टीका जरा हळू आवाजात केलेली बरी. आपल्याकडचा निवृत्त माणूस गुहागरला घर बांधायला जातो, त्याला तर मंडळही लागत नाही. सातबाऱ्यावर चौदा नावं असतात. नवरा-बायकोने आपसात भांडायला सवड उरते कुठे?

तरुण जोडप्यांचं फार मनावर घेऊ नका. २०२३ पासून स्पेनने लॅपटॉपवर काम करणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा काढला आहे. त्यांचा बॉस रोज सकाळी पडद्यावर येतो, म्हणजे तिसऱ्या माणसाची सोय परस्पर झाली. १९७८ ते १९८५ या काळात ब्रिटन आणि स्पेनमध्ये आरोपी परत पाठवायचा करार नव्हता, त्यामुळे लंडनचे काही दरोडेखोर कोस्टा डेल सोलवर सहकुटुंब येऊन राहिले होते. त्यांनाही एकटेपणा जाणवला नसावा, पोलीस होते.

उरलं ते ज्यांची सगळी कागदपत्रं एकदाची पूर्ण झाली आहेत, क्लब आवडत नाही आणि घरात हीटरही बसवून घेतला आहे असं जोडपं. त्यांची चिंता स्पेनच्या कायद्याने वाहिली आहे. तिथल्या इमारतींचा आणि सामाईक तलाव-बागा असलेल्या वसाहतींचा कारभार १९६० च्या एका कायद्याने चालतो. वर्षातून किमान एक सर्वसाधारण सभा, लिफ्टचा खर्च तळमजल्यावाल्याने द्यायचा की नाही, तलावाचं पाणी कधी बदलायचं, वरच्या बाल्कनीतून टपकणारं कुंड्यांचं पाणी. अजेंडा वाचताना ठाण्याच्या माणसाला घरी आल्यासारखं वाटेल. फरक एकच. आपल्याकडे सोसायटीचा चेअरमन व्हायला कुणी तयार नसलं की जुन्याच्याच गळ्यात माळ पडते किंवा रजिस्ट्रारची भीती घालावी लागते. तिथे अध्यक्ष घरमालकांतूनच निवडायचा, निवड होत नसेल तर पाळीपाळीने किंवा चिठ्ठ्या टाकून, आणि ज्याचं नाव निघेल त्याला ते पद सक्तीचं. पाळी आली की लेस्टरचे आजोबा अध्यक्ष. नकोच असेल, तर महिन्याच्या आत न्यायाधीशाकडे अर्ज करून सुटका मागता येते. अर्ज स्पॅनिशमध्ये लागतो; आजी हेस्तोरला फोन लावतात.