चारशे चोपन्नचा पंचनामा

जुनी अमेरिकन मसल कार घेणाऱ्याला गाडी चालवता आली नाही तरी एकवेळ भागतं, आकडे मात्र वाचता आले पाहिजेत. त्यातून शेवरोलेची 1970 ची शेव्हेल एसएस 454 असेल तर विचारूच नका. तिचं एलएस6 इंजिन कंपनीच्या कागदावर 450 हॉर्सपॉवरचं. अस्सल गाडी आज लाखभर डॉलर सहज ओलांडते. आणि शेव्हेलच्याच साध्या व्ही8 मालिबूला एसएसचे बिल्ले लावून, बॉनेटवर दोन जाड पट्टे ओढले की हुबेहूब तीच गाडी 'तयार' होते. कारण त्या वर्षी एसएस हे वेगळं मॉडेल नव्हतंच, वर पैसे भरून घ्यायचं पॅकेज होतं. चासी नंबर दोघींचाही 136 नेच सुरू होतो. (कंपनी तरी कुठली धुतल्या तांदळाची! त्याच वर्षी 'एसएस 396' अशी पाटी मिरवणाऱ्या गाडीत इंजिन होतं 402 क्यूबिक इंचांचं.)

मी डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो आणि मोटारींसाठी सॉफ्टवेअर लिहितो. प्रत्यक्ष मोटारीशी संबंध काच धुण्याचं पाणी भरण्यापुरता. पण अशी गाडी घ्यायचं मनात आलं आणि वाचून वाचून माझी अवस्था अशी झाली की मंडळाच्या गणपतीत आरतीला शेजारी उभ्या असलेल्या काकांना मी रिव्हेट समजावून सांगू लागलो. चासी नंबरची पट्टी डॅशबोर्डला ज्या रिव्हेटांनी ठोकतात त्यांच्या डोक्यांना फुलासारख्या पाकळ्या असतात. साधे गोल रिव्हेट दिसले, तर कुणीतरी पट्टी उचकटली होती असं समजावं. काकांनी प्रसादाची वाट न बघता घर गाठलं.

फ्लिंटच्या पुढे एका निवृत्त गृहस्थांकडे लाल शेव्हेल विकायला आहे असं कळलं. मी टॉर्च, भिंग, आरसा आणि फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट घेऊन निघालो. बायको सोबत आली, परतीच्या वाटेवर भाजी घ्यायची होती म्हणून.

मॅग्नेट पत्र्यासाठी. पत्रा शाबूत असेल तिथे तो चिकटतो, गंज खरवडून पुटी भरली असेल तिथे पडतो. बॉनेटवर बाप्पा भक्कम बसले. मागच्या चाकावरच्या पत्र्यावरून मात्र सुळकन खाली.

"अरे, बाप्पा घसरले," बायको म्हणाली. मी वहीत नोंद केली.

मग गाडीखाली शिरलो. जोरदार इंजिनाच्या शेव्हेलला मागे डिफरन्शियलच्या झाकणावर बारा बोल्ट हवेत, साधीला दहा. झाकण गोल असतं. गोलाकार बोल्ट मोजताना आपण सुरुवात कुठून केली हे लक्षात ठेवावं लागतं, ही गोष्ट कुठल्याही पुस्तकात नव्हती. बोटाला ग्रीस लावून पहिल्या बोल्टावर खूण केली, तर सगळेच बोल्ट आधीपासून ग्रीसने माखलेले. अखेर बारा भरले.

आता बिल्ड शीट. गाडीत काय काय बसवायचं हे लिहिलेला हा कागद कारखान्यातले कामगार कधी सीटच्या स्प्रिंगांत, कधी पेट्रोलच्या टाकीवर तसाच सोडून देत. तो सापडला म्हणजे गाडीचा सातबाराच हाती आला. टाकी आणि पत्र्याच्या फटीत आरसा सरकवला. कागद होता! ओढला, तर हातात चिमूटभर भुसा आणि उंदराच्या लेंड्या. बाप्पा घसरले ते घसरले, वाहनाने पुरावाही खाल्ला होता.

राहिलं इंजिन. पुढच्या बाजूला, उजव्या हेडच्या टोकाशी एक छोटी सपाट जागा असते. तिथे कारखान्याची खूण, तारीख आणि चासी नंबरचा शेवटचा भाग ठोकलेला असतो. लबाड लोक जुने आकडे घासून नवे ठोकतात, पण घासताना कारखान्यातल्या यंत्राच्या बारीक समांतर रेघाही जातात. भिंगाखाली रेघा स्पष्ट दिसल्या. आकडे अस्सल होते, फक्त या गाडीचे नव्हते. ब्लॉकवर ओतकामाची तारीख असते: महिन्याचं अक्षर, दिवस आणि वर्षाचा शेवटचा आकडा. तो आकडा होता 2. गाडी 1970 ची, इंजिन ओतलं 1972 मध्ये. बाळाच्या बारशानंतर दोन वर्षांनी बाळाचं हृदय जन्माला आलं होतं!

मी बाहेर आलो, शर्टाला हात पुसले आणि निकाल वाचला. रेघा, बोल्ट, पुटी, उंदीर, सगळं. गृहस्थांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मान डोलावली.

"बरोबर. मूळची 307 ची मालिबू आहे. हे इंजिन ठोकर बसलेल्या एका गाडीतून काढून मीच बसवलं. जाहिरातीत लिहिलंय की."

जाहिरातीतला फोटो मी मोठा करकरून रिव्हेट बघितले होते. खालच्या मजकुरापर्यंत काही पोचलो नव्हतो.

"तू खाली होतास ना, तेव्हाच त्यांनी मला सांगितलं," बायको म्हणाली. तिच्या हातात कॉफीचा कप होता आणि तो दुसरा असावा. "पुटी भरलीय म्हणून हजार डॉलर कमी करायलाही तयार आहेत."

म्हणजे माझ्या पंचनाम्यातला फक्त बाप्पांचा पुरावा ग्राह्य धरला गेला. गाडी आम्ही घेतली.

ऑगस्टातल्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, तिथे ती उभी करतो. लोक थांबतात, वाकून बघतात, विचारतात, "ओरिजिनल आहे का?" बायको 'नाही' म्हणून मोकळी होते. माझ्याकडे आले तर मी चासी नंबरपासून सुरुवात करतो, म्हणजे 136 चा अर्थ काय, मग 37, मग वर्षाचा शून्य आणि मग बी, म्हणजे बाल्टिमोरचा कारखाना. बहुतेक जण बाल्टिमोरपर्यंत टिकत नाहीत.