तेरसे, भद्रे आणि मनुष्यबळ विकास

रत्नागिरी जिल्ह्यात एचआरमध्ये नव्याने रुजू होणाऱ्या, किंवा रुजू होऊन पस्तावलेल्या, सर्व अधिकाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. ते वाचून व्यावसायिक उन्नती होईलच अशी हमी नाही. पण ऐन शिमग्यात दुसऱ्या पाळीला बॉयलरवर माणूस उभा असेल, आणि या जिल्ह्यात उन्नतीची सुरुवात बहुतेक तिथूनच होते.

पहिले काम सकाळचे. उगवता सूर्य, उडता गरुड आणि खाली यशाविषयी दोन ओळी, असे चित्र कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पावणेसातच्या आत टाकण्याचा प्रघात आहे. त्या वेळी पहिल्या पाळीची बस साळवी स्टॉपच्या आसपास असते. आतली निम्मी माणसे झोपलेली, उरलेली काल मिरकरवाड्यात बांगडा काय भावाने गेला याच्या चर्चेत. गरुडाला सात अंगठे येतात. ते सुपरवायझरांचे, कारण त्यांचे अप्रेझल जवळ आलेले असते. मग आठवा संदेश येतो : ‘सर, मागच्या महिन्याचा ओटी लागला नाही.’ त्या दिवशी ग्रुपवर आलेला कामाचा मजकूर एवढाच. जाणत्या अधिकाऱ्याने गरुडाला घरट्यात ठेवावे आणि टाइम ऑफिसात जाऊन त्या माणसाचे पंचिंग काढून बघावे. ओटी लागला की दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्याची बातमी होते. गरुडाची कधी झालेली नाही.

दुसरे, आपल्या धंद्याचे घराणे ठाऊक असावे. व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात ते अमेरिकेपासून सुरू होते. रत्नागिरीकराने ते परळ-लालबागपासून सुरू करावे. सिंधुदुर्ग १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. त्याआधीच्या अखंड रत्नागिरी जिल्ह्याने मुंबईच्या गिरण्यांना पिढ्यान्‌पिढ्या माणसे पुरवली, आणि ती माणसे आत घेणारा गृहस्थ म्हणजे जॉबर. भरती त्याची, काम शिकवणे त्याचे, रजा त्याच्या मर्जीवर, अडल्यानडल्याला उचल त्याच्याकडून, कधी तर चाळीतली झोपायची जागाही तोच बघून देई. आज ज्याला पाच खाती आणि तीन सॉफ्टवेअर लागतात ते सारे एका माणसाच्या डोक्यात होते. या सेवेबद्दल तो दस्तुरी घेई, म्हणजे कामाला लागणाऱ्याच्या पगारातून आपला हात ओला करून घेई. या प्रकारावर व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात उपाय सुचवला : भरती जॉबरच्या हातून काढावी आणि गिरणीत लेबर ऑफिसर नेमावा. पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ५०० किंवा अधिक कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी सक्तीचा केला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत हा आकडा २५० वर आला आहे. एचआर अधिकाऱ्याने व्हिजिटिंग कार्डावर काहीही छापावे, ‘पीपल अँड कल्चर’ छापावे, ‘टॅलेंट पार्टनर’ छापावे; त्याची नेमणूक मुळात दस्तुरी थांबवण्यासाठी झाली होती, एवढे मात्र विसरू नये. कंत्राटी माणसांची यादी समोर आली की ही आठवण विशेष उपयोगी पडते.

या घराण्यात आणखी एक नाव आहे, आणि ते व्यवस्थापनाच्या बाजूचे नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि सहा वर्षे साप्ताहिक सुटीची मागणी लावून धरली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. कर्मचाऱ्याला सोमवारी कामावर ताजेतवाने आणणारी याहून परिणामकारक योजना या देशात अजून कुणाला सुचलेली नाही, आणि ती कुठल्याही एचआर विभागाने आखलेली नव्हती. परळच्या सरकारी श्रमविज्ञान संस्थेला आज लोखंडे यांचेच नाव आहे. शनिवारी रात्री साडेदहाला ‘उद्या एक छोटासा कॉल घेऊ या’ असे लिहिण्यापूर्वी अधिकाऱ्याने ही तारीख एकदा मनाशी म्हणावी.

आता मुख्य विषय. तो म्हणजे शिमगा.

जिल्ह्यातली कारखानदारी चोवीस तास चालणाऱ्यांपैकी आहे. रनपार-गोळपला फिनोलेक्सचा पीव्हीसीचा कारखाना, जयगडला जेएसडब्ल्यूचा १,२०० मेगावॉटचा वीज प्रकल्प, मिरजोळेत माशांपासून सुरिमी बनवणारी गद्रे मरीन, वर खेडकडे लोट्याची रासायनिक वसाहत. रिअ‍ॅक्टरला त्रयोदशी-पौर्णिमा कळत नाही आणि टर्बाइनला पालखीचे सोयरसुतक नसते. माणसांना मात्र असते. बाहेरून आलेला अधिकारी होळीची एक सुटी कॅलेंडरवर लाल करतो आणि निर्धास्त होतो. इथेच त्याचा पाय घसरतो. कारण इथे शिमगे दोन. फाल्गुन शुद्ध त्रयोदशीला ज्या गावांची होळी लागते ती तेरसे शिमग्याची गावे. पौर्णिमेला लागते ती भद्रेच्या शिमग्याची. होम झाला म्हणजे काम संपले असेही नाही. त्यानंतर ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जाते, आणि काही गावांत ती देवळात परत बसेपर्यंत गुढीपाडवा उजाडतो. पालखी ज्या दिवशी ज्याच्या दारात येणार त्या दिवशी त्याने घरात असायचे, ही गोष्ट वाटाघाटीची नाही. युनियनने तडजोड मान्य केली तरी ती त्याच्या आईला मान्य होत नाही.

म्हणून पद्धत अशी. कर्मचाऱ्याच्या माहितीपत्रकात रक्तगटाच्या शेजारी एक रकाना वाढवावा : ‘तेरसे / भद्रे’. त्याच्या पुढे वाडी आणि पालखीचा अंदाजे दिवस. ही माहिती मुख्य कार्यालयाच्या सिस्टिममध्ये बसत नाही, तेव्हा ती साध्या वहीत ठेवावी; जुने टाइमकीपर ती वहीत ठेवत आले आहेत आणि त्यांच्याकडून ती मागून घेण्यात कमीपणा नाही. मग पाळ्या लावताना तेरसेवाल्यांच्या जागी भद्रेवाले आणि भद्रेवाल्यांच्या जागी तेरसेवाले बसवावेत. दोघेही आनंदाने डबल ड्युटी करतात, कारण उद्या दुसऱ्याची पाळी असते हे दोघांना माहीत असते. घाटावरून आलेली चार-सहा माणसे दोन्हीत नसतात. ती या मोसमातील सर्वांत मोलाची. त्यांनी गणपतीत रजा मागण्याची शक्यताही कमी, पण त्यांच्या गावची जत्रा कधी असते ते आधी विचारून ठेवावे.

यातली एक बारीक खोच अशी, की नुसता कर्मचारी आणि मानकरी यांत फरक करावा लागतो. पॅकिंगला उभा राहणारा, कंपनीच्या तक्त्यात सर्वांत खालच्या श्रेणीत असलेला माणूस गावात पालखीला पहिला खांदा देणारा असू शकतो. त्याचा मान तो गैरहजर राहिला तर दुसऱ्याकडे जातो, आणि मग त्यावरून दोन घराण्यांत दहा वर्षे बोलणे बंद. हा विषय ‘अनधिकृत अनुपस्थिती’ या सदरात टाकून कारणे दाखवा नोटीस काढणाऱ्या अधिकाऱ्याने आपली गाडी कंपनीच्या आवारातच लावावी.

शिमग्यामागून आंबा येतो. मार्च ते मे या काळात ज्याच्या चार कलमांना मोहर धरला आहे त्याचे मन पॅकिंग लाइनवर राहत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. पेटीचा दर त्याच्या दिवसाच्या पगाराशी ताडून बघितला तर तो कामावर येतो याचेच नवल. बागायतदारांनी या मोसमाचे मनुष्यबळ केव्हाच बाहेरून आणले. आज बागांची राखण आणि बरीचशी कामे नेपाळहून येणारी माणसे करतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे मासळीवर चालणाऱ्या कारखान्यांचे गणित बदलते. जुलैत लावणी. भाद्रपदात गौरी-गणपती, तेव्हा तर मुंबईचा चाकरमानीच कोकण रेल्वेच्या जादा गाड्यांनी इकडे येतो, मग इथला माणूस कामावर का जाईल? एकंदरीत रत्नागिरीत रजेचा अर्ज नाकारण्यास योग्य असा महिना शोधू जाता नोव्हेंबरचा मधला आठवडा तेवढा हाती लागतो, आणि त्यात कुणी रजा मागत नाही.

सिद्धान्तही थोडा हवाच, कारण मुलाखतीत विचारतात. अब्राहम मास्लो यांनी १९४३ मध्ये गरजांची चढती मांडणी केली : तळाशी भूक, वर आत्मसाक्षात्कार. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये पिट्सबर्गच्या परिसरातील सुमारे २०० अभियंते आणि हिशेबनीसांच्या मुलाखतींवरून वेगळेच सांगितले. पगार, देखरेख, कामाची जागा, कंपनीची धोरणे या गोष्टी बिघडल्या की माणूस चिडतो. सुधारल्या की चिडायचा थांबतो, पण त्याने तो पेटून उठत नाही. पेटतो तो कामातल्या कर्तबगारीने, कौतुकाने, जबाबदारीने. हे ऐकून बरेच अधिकारी थेट कौतुकाकडे वळतात आणि ‘महिन्याचा मानकरी’ असा फोटो नोटीस बोर्डावर लावतात. हर्झबर्गचा पहिला अर्धा भाग त्यांनी कॅन्टीनमध्ये बसून पुन्हा वाचावा.

कॅन्टीन ही एचआरची खरी परीक्षा. जुन्या कायद्यात ते २५० हून अधिक कामगारांवर सक्तीचे होते, नव्या संहितेत कंत्राटी धरून १०० वर. बुधवारी बांगड्याचा तुकडा शेपटीकडचा आला, किंवा कालवण पातळ झाले, की तिथल्या तिथे जे औद्योगिक संबंध बिघडतात ते वार्षिक स्नेहसंमेलनाने दुरुस्त होत नाहीत. कॅन्टीन समितीच्या बैठकीत आयएसओ प्रमाणपत्राचा विषय पाच मिनिटांत संपतो. तुकड्याच्या जाडीवर पाऊण तास जातो. दोन्ही गोष्टी इतिवृत्तात सारख्याच गांभीर्याने लिहाव्यात. श्रावणात मासळी बंद ठेवावी की ठेवू नये, यावर मात्र अधिकाऱ्याने स्वतःचे मत देऊ नये. ते समितीने ठरवावे, लेखी ठरवावे आणि आषाढातच ठरवावे.

तक्रार निवारणासाठी कायद्याने २० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत समिती सांगितली आहे. २०१० च्या दुरुस्तीने तिला ४५ दिवस दिले होते, नव्या संहितेत ३० दिवसांत निकाल अपेक्षित आहे. या कामाचे प्रशिक्षण जिल्ह्यात फुकट मिळते, ते गावच्या देवळात. वर्षाकाठी देवापुढे गाऱ्हाणे घातले जाते. गुरव किंवा मानकरी वाडीवाडीची, लेकराबाळांची, गुराढोरांची, मुंबईला पोटासाठी गेलेल्यांची नावानिशी दखल घेतो, कुणाला काय अडचण आहे ते सर्वांसमक्ष बोलतो आणि प्रत्येक वाक्याला जमाव ‘होय महाराजा’ म्हणतो. कंपनीच्या टाउनहॉलमध्ये नेमके उलट घडते. बोलतो महाराजा, आणि होय म्हणायला खालच्यांनी मागच्या खुर्च्या पकडलेल्या असतात. अधिकाऱ्याने एकदा गाऱ्हाण्याला उभे राहून ऐकावे : त्यात स्लाइड नसते, कुणी सुटत नाही आणि ते दहा-पंधरा मिनिटांत आटोपते.

कर्मचारी टिकवणे हा सर्वांत अवघड अध्याय. इथला डिप्लोमावाला दोन वर्षांचा अनुभव घेतो आणि चाकण किंवा तळोजाला जातो. या जिल्ह्यात माणसे दीर्घकाळ टिकवून ठेवण्याचे गाजलेले प्रयोग दोनच, आणि दोन्ही इंग्रज सरकारने केले. ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८६ मध्ये इथे आला आणि १९१६ मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला : तीस वर्षे, कामाची जबाबदारी शून्य, तनखा नियमित, शेवटी समुद्राकडे बघणारा राजवाडाही. तरीही तनख्याच्या रकमेवरून त्याची कुरकूर चालूच होती, यावरून हर्झबर्ग किती बरोबर होता ते दिसते. दुसरे सावरकर, १९२४ ते १९३७. दोन्ही प्रयोगांत जिल्ह्याबाहेर जायला बंदी होती. ही तरतूद आजच्या नियुक्तिपत्रात घालता येत नाही. तेव्हा नोटीस पिरियड वाढवण्यापेक्षा त्या डिप्लोमावाल्याच्या गावापर्यंत कंपनीची बस जाते का ते बघावे.

राहता राहिली अधिकाऱ्याची स्वतःची प्रेरणा. तिची जबाबदारी कुणाकडेच नसते. त्याला वर्षातून एकदा मुंबईच्या परिषदेला पाठवतात, तिथे पाण्याची बाटली, वही आणि ‘बदलाचे शिल्पकार’ असे प्रमाणपत्र मिळते. भाट्याच्या वाळूत टीम बिल्डिंग घ्यायला पुण्याहून प्रशिक्षक येतो आणि रापण ओढणाऱ्यांच्या नातवांना दोर एकत्र ओढायला शिकवतो. त्याचे बिल मंजूर करून घेणेही याच्याच कामात मोडते. आणि हा अधिकारी संगमेश्वर तालुक्यातला असेल, भद्रेचा असेल, घरात पालखीचा मान असेल, तर त्याची रजा मुख्य कार्यालयाच्या पोर्टलवरून मंजूर व्हावी लागते. तिकडून उत्तर येते : कारणाचा पुरावा जोडावा. अशा वेळी वाद घालू नये. ग्रामदेवस्थानच्या कार्यक्रमपत्रिकेचा फोटो काढून जोडावा. पत्रिकेवर वेळ ‘रात्रौ ९ पासून पालखी येईपर्यंत’ अशी छापलेली असते. पोर्टलला शेवटची वेळ आकड्यात लागते. तिथे रात्रीचे ११.५९ भरावेत आणि पुढच्या दिवसाचा दुसरा अर्ज आत्ताच टाकून ठेवावा.